'ए' की 'ॲन' : प्रोग्रॅमला कसं शिकवाल?

शाळेचं बोनाफाईड, कंपनीचं अनुभव प्रमाणपत्र, सोसायटीची एनओसी, दुकानाची पावती. असली इंग्रजी कागदपत्रं छापणारे छोटे प्रोग्रॅम लिहिणारे वाचक एका प्रश्नावर हमखास अडतात. वाक्याचा साचा तयार असतो, मधे एक जागा रिकामी असते आणि तिथे डेटाबेसमधला शब्द येऊन बसतो. 'क्लार्क' आला तर आधी 'ए' हवा, 'इंजिनिअर' आला तर 'ॲन'. मग अट लिहिली जाते : पहिलं अक्षर ए, ई, आय, ओ, यू यांपैकी असेल तर 'ॲन', नाहीतर 'ए'. चार ओळींचं काम. काही दिवस सुरळीत जातात आणि मग कुणाच्या तरी कागदावर 'ॲन युनिव्हर्सिटी' छापून येतं.

ही चूक मीही केली आहे, आणि दोनदा केली आहे. एका महाविद्यालयासाठी प्रमाणपत्रांचा प्रोग्रॅम लिहिला होता. पहिल्या गठ्ठ्यात 'ए एमएससी स्टुडंट' असं छापलं गेलं. मी हुशारी केली : शब्दातली सगळी अक्षरं कॅपिटल असतील तर तो संक्षेप समजायचा आणि पहिलं अक्षर सुटं वाचायचं. एम म्हणजे 'एम', म्हणून 'ॲन'. पुढच्या गठ्ठ्याची माहिती कार्यालयातून आली ती सबंध कॅपिटलमध्ये टाइप केलेली. माझ्या प्रोग्रॅमने इमानेइतबारे 'ॲन मॅनेजर' छापलं. ते प्रमाणपत्र लाल पेनाने गोल करून माझ्याकडे परत आलं.

या लेखात इंग्रजी शब्द मुद्दाम देवनागरीत लिहिले आहेत. त्याचा उपयोग पुढे कळेलच.

आधी ठरवा : निवड प्रोग्रॅमने करायची गरज आहे का?

निम्म्या वेळा नसते. कोड लिहायला बसण्यापूर्वी साच्याकडे पुन्हा एकदा बघा.

- वाक्य बदलता येतं का? 'ही इज ए/ॲन अमुक' याऐवजी 'डेझिग्नेशन :' असं लिहून पुढे पद छापा. पावतीवर तर 'वन' किंवा नुसता १ आकडा चालतो. 'द', 'युअर', 'धिस' यांना पुढच्या शब्दाप्रमाणे रूप बदलावं लागत नाही.
- शब्द मोजकेच आहेत का? कंपनीत बावीस पदं असतील तर बावीस ओळींचा तक्ता करा आणि प्रत्येक पदासमोर 'ए' किंवा 'ॲन' हाताने लिहा. यात कमीपणा काही नाही. नेटहॅक हा १९८७ पासूनचा प्रसिद्ध संगणकीय खेळ. त्याचा सोर्स कोड खुला आहे. त्यात स्वराचा साधा नियम आहे आणि सोबत युनिकॉर्न, युरेनियम, युकॅलिप्टस, युजफुल असे मोजके अपवाद सरळ लिहून ठेवले आहेत. खेळातल्या वस्तू ठरलेल्या, त्यामुळे तेवढ्यावर भागतं.
- शब्द कुणीही, काहीही टाइप करणार आहे का? तरच पुढचं सगळं तुमच्यासाठी.

कंसात 'एन' टाकून 'ए(एन)' छापण्याची पळवाटही आहे. कार्यालयाच्या अंतर्गत फॉर्मवर ती खपते. ज्या कागदाला माणूस फ्रेम करून भिंतीवर लावणार आहे, त्यावर ती बरी दिसत नाही.

तक्ता करणार असाल तर रकान्यात दोन नव्हे, तीन पर्याय ठेवा : 'ए', 'ॲन' आणि काहीच नाही. 'फर्निचर', 'इन्फर्मेशन', 'लगेज', 'ॲडव्हाइस' या शब्दांआधी 'ए'ही लागत नाही आणि 'ॲन'ही नाही. 'सिझर्स'सारख्या अनेकवचनी शब्दांआधीही नाही. कोणतीही तयार लायब्ररी 'फर्निचर'ला बिनदिक्कत 'ए' लावून देते, कारण शब्द मोजता येतो की नाही हे तिला कुणी विचारलेलंच नसतं.

नियम कानाचा आहे

पुढच्या शब्दाचा पहिला उच्चार स्वराचा असेल तर 'ॲन', व्यंजनाचा असेल तर 'ए'. स्पेलिंगचा संबंध नाही. इंग्रजीत 'अवर' लिहिताना एच असतो पण बोलताना नसतो, म्हणून 'ॲन अवर'. 'वन' लिहिताना ओ असतो पण ऐकू येतो तो व, म्हणून 'ए वन-वे रोड'. 'युनिट', 'युनियन', 'युजर', 'युरोपियन' यांची सुरुवात 'य'ने होते, म्हणून 'ए'.

स्पेलिंगच्या सुरुवातीवरून नियम बांधण्याचा मोह आवरा. 'यू-एन-आय' दिसलं की 'ए', असं ठरवलंत तर 'युनिफॉर्म' बरोबर येईल आणि 'अनइन्व्हायटेड', 'अनआयडेंटिफाइड' चुकतील. 'ओ-एन-ई' दिसलं की 'ए' म्हटलंत तर 'ऑनरस' चुकेल. 'एच-ओ-एन' चा नियम केलात तर 'ऑनेस्ट' जमेल आणि 'हनीमून' बिघडेल. एकेक अपवाद जोडत गेलात की सहा महिन्यांनी तो कोड तुम्हालाच वाचवणार नाही.

दुसरी गोष्ट विसरली जाते ती ही : निवड नामावरून होत नाही, लगेच पुढे जो शब्द येतो त्यावरून होते. 'ॲन अम्ब्रेला', पण 'ए ब्लॅक अम्ब्रेला'. 'ए युनिफॉर्म', पण 'ॲन ओल्ड युनिफॉर्म'. म्हणून तक्त्यात 'इंजिनिअर'समोर 'ॲन' लिहून ठेवलंत आणि साच्यात मागाहून कुणी 'सीनियर' घातलं, की झालंच. वाक्य पूर्ण जुळून आल्यावर, अगदी शेवटच्या पायरीला निवड करा.

मराठी रकान्याचा उपयोग करा

आता देवनागरीकडे येऊ. इंग्रजी लिपी उच्चार लपवते, आपली लिपी तो बऱ्यापैकी उघड करते. वरचे शब्द पुन्हा बघा. अवर, ऑनेस्ट, एमएससी यांची सुरुवात स्वराक्षराने आहे : 'ॲन'. युनिट, वन, हनीमून यांची व्यंजनाने : 'ए'. शब्द देवनागरीत लिहिला की उत्तर पहिल्या अक्षरात दिसतं. आपल्याकडच्या बऱ्याच प्रोग्रॅममध्ये नाव, पद, विषय हे इंग्रजी आणि मराठी अशा दोन रकान्यांत आधीच भरलेलं असतं. मग मराठी रकान्याचं पहिलं अक्षर तपासा, एवढंच.

एवढंच म्हटलं खरं, पण इथे चार खड्डे आहेत.

भाषांतर आणि लिप्यंतर. मराठी रकान्यात 'अकाउंटंट' लिहिलं असेल तर उत्तर बरोबर येईल. 'लेखापाल' लिहिलं असेल तर 'ए अकाउंटंट' छापलं जाईल. 'ॲडव्होकेट'च्या जागी 'वकील' असेल तरी तेच. गंमत म्हणजे 'इंजिनिअर'चं 'अभियंता' आणि 'ऑफिसर'चं 'अधिकारी' योगायोगाने बरोबर निघतात, त्यामुळे चाचणीत चूक दिसत नाही. उच्चारासाठी वेगळा रकाना ठेवा आणि त्याचं नावच 'उच्चार' ठेवा.

'ॲ' हे अक्षर. युनिकोडमध्ये अ ते औ ही स्वराक्षरं ०९०५ ते ०९१४ या क्रमांकांत बसतात. अनेक जण तेवढीच मर्यादा तपासतात. पण मराठीचा 'ॲ' युनिकोडमध्ये २००८ साली, ५.१ या आवृत्तीत आला आणि त्याला जागा मिळाली ०९७२ ला, म्हणजे या रांगेच्या बरंच पुढे. परिणाम असा की 'ॲक्टर', 'ॲडव्होकेट', 'ॲपल' हे सगळे प्रोग्रॅमला व्यंजनाचे वाटतात. त्यातही 'अ' टाइप करून वर वेगळा चंद्र दिला असेल तर पहिलं चिन्ह 'अ' असतं आणि उत्तर बरोबर येतं. पडद्यावर दोन्ही शब्द सारखेच दिसतात. एक चालतो, एक चालत नाही, आणि तुम्ही दुपारभर कोडकडे बघत बसता. ०९७२ हा क्रमांक अटीत वेगळा घाला.

'इयर'. आपण कान आणि वर्ष या दोन्हींचे इंग्रजी शब्द सहसा एकाच तऱ्हेने लिहितो, 'इयर' किंवा 'इअर'. इंग्रजीत वर्षाच्या शब्दाच्या सुरुवातीला 'य'चा उच्चार आहे, म्हणून त्याला 'ए'. कानाला 'ॲन'. आपल्या बोलण्यात हा 'य' निसटतो आणि म्हणूनच 'ॲन इयर' ही चूक आपल्याकडे इतकी दिसते. उच्चाराच्या रकान्यात 'यिअर' लिहायची सवय लावा.

डोळ्यांनी लिहिलेला उच्चार. स्पेलिंग बघून 'हॉनेस्ट' किंवा 'हेअर' (वारस या अर्थाने) लिहिणारे असतात. मुका एच असलेले रोजच्या वापरातले मूळ शब्द चारच म्हणावेत : अवर, ऑनर, ऑनेस्ट, एअर. बाकी त्यांचेच 'ऑनरेबल', 'एअरलूम' असे नातेवाईक. ते एका यादीत घालून टाका.

'हर्ब' हा शब्द ब्रिटिश इंग्रजीत एचसकट उच्चारतात, अमेरिकेत एच गाळून. वनौषधींचा माल अमेरिकेला पाठवणाऱ्याचं लेबल असेल तर 'ॲन', एरवी 'ए'. 'हिस्टॉरिक'आधी 'ॲन' लावणारेही आहेत. तुम्ही 'ए' ठेवा आणि पुढे चला.

संक्षेप : अक्षरं सुटी वाचतात की शब्द म्हणून?

सुटी वाचली जात असतील तर ज्या अक्षरांची नावं स्वराने सुरू होतात त्यांना 'ॲन' : ए, ई, एफ, एच, आय, एल, एम, एन, ओ, आर, एस, एक्स. बारा अक्षरं. यात यू नाही, हे लक्षात ठेवा.

- 'ॲन' : एफआयआर, एनओसी, एमओयू, आरटीआय अर्ज, एलआयसी पॉलिसी, एसटी बस, ओटीपी, एचएससी प्रमाणपत्र
- 'ए' : यूपीआय पेमेंट, यूआरएल, बीए, पीएचडी, जीएसटी बिल

संक्षेप शब्दासारखा वाचला जात असेल तर त्या शब्दाचा उच्चार बघा. नासा, सिम, रॅम, लॅन यांची पहिली अक्षरं वरच्या बारांत आहेत, पण आपण 'एस-आय-एम' म्हणत नाही, 'सिम' म्हणतो, म्हणून 'ए सिम कार्ड'. म्हाडाचंही तसंच : स्पेलिंग एमने सुरू होतं, तरी 'ए म्हाडा फ्लॅट'. 'एसक्यूएल'ला कुणी अक्षरं सुटी वाचतं, कुणी 'सीक्वेल' म्हणतं. एक ठरवा आणि सबंध प्रोग्रॅममध्ये तेच ठेवा.

सगळं कॅपिटल म्हणजे संक्षेप, ही माझी चूक तुम्ही करू नका. आपल्या कार्यालयांत कॅप्स लॉक कायम चालूच असतो. संक्षेपांची यादी स्वतंत्र ठेवा. शब्द त्या यादीत असेल तरच अक्षरं सुटी वाचा.

आकडे : इथे सगळ्यात जास्त चुका होतात

आकड्याला 'ॲन' लागतो तो फक्त एट, एटीन, एटी आणि इलेव्हन या उच्चारांमुळे. ८ ने सुरू होणाऱ्या कुठल्याही संख्येला 'ॲन' : ८, ८५, ८००, ८,०००. इथपर्यंत सोपं आहे.

११ आणि १८ मात्र संख्या किती अंकी आहे यावर ठरतात. ११ ला 'ॲन', ११० ला 'ए', कारण ती 'वन हंड्रेड' अशी वाचली जाते. ११,००० ला पुन्हा 'ॲन'. त्यापुढे आपली लाख-कोटींची पद्धत आणि पाश्चात्त्य मिलियनची पद्धत यांच्या वाटा वेगळ्या होतात :

- सात अंकी ११,००,००० : आपल्याकडे 'इलेव्हन लॅख', म्हणून 'ॲन'. तीच रक्कम तिकडे 'वन मिलियन वन हंड्रेड थाउजंड', म्हणून 'ए'.
- आठ अंकी १,१०,००,००० : आपल्याकडे 'वन क्रोर टेन लॅख', म्हणून 'ए'. तिकडे 'इलेव्हन मिलियन', म्हणून 'ॲन'.

तयार साधन निवडताना ते ११ किंवा १८ साठी तीन-तीन अंकांचे गट मोजतं का, हे तपासा. मोजत असेल तर लाखांच्या रकमेवर ते चुकणार. लाख-कोटींसाठी नियम असा : संख्या ११ किंवा १८ ने सुरू होते आणि २, ५, ७ किंवा ९ अंकी आहे, तर 'ॲन'. सन असेल तर वेगळं : १८५७ हे 'एटीन फिफ्टी-सेव्हन' असं वाचतात, त्यामुळे चार अंकी असूनही 'ॲन'. हा आकडा सन आहे की रक्कम, हे प्रोग्रॅमला रकान्याच्या प्रकारावरूनच कळेल, आकड्यावरून नाही.

शाळांचे प्रोग्रॅम लिहिणाऱ्यांनी आणखी एक बघावं. अकरावीचा विद्यार्थी 'ॲन', बारावीचा 'ए', आठवीचा 'ॲन', दहावीचा 'ए'. पण इयत्ता रोमन आकड्यांत असेल तर? बारावी एक्सने सुरू होते. संक्षेपाचा नियम तिला 'ॲन' लावेल, वाचताना मात्र ती 'ट्वेल्फ्थ' असते. आठवी व्हीने सुरू होते, तिला 'ए' मिळेल, आणि वाचताना ती 'एट्थ'. रोमन इयत्ता आधी साध्या अंकांत बदला, मगच नियम लावा.

तयार साधनं कोणती?

पायथनमध्ये काम करत असाल तर 'इन्फ्लेक्ट' ही लायब्ररी बघा. तिचं मूळ डेमियन कॉनवे यांच्या पर्ल भाषेतल्या कामात आहे. तिला शब्द दिला की ती 'ए' किंवा 'ॲन' लावून परत देते. नियम आणि अपवाद यांचं ते जुनं, घासून तपासलेलं मिश्रण आहे. बहुतेकांना ते पुरेल.

अचूकता जास्त हवी असेल तर कार्नेगी मेलन विद्यापीठाचा उच्चारकोश, 'सीएमयू प्रोनाउन्सिंग डिक्शनरी'. त्यात १,३४,००० हून अधिक नोंदी आहेत. त्याची एक सोय मला फार आवडते : प्रत्येक स्वराच्या खुणेला आघात दाखवणारा ०, १ किंवा २ हा अंक चिकटवलेला असतो, व्यंजनांना नसतो. म्हणजे पहिल्या खुणेच्या शेवटी अंक आहे का, एवढंच विचारायचं. आहे तर 'ॲन'. कोश अमेरिकन उच्चारांचा आहे, हे 'हर्ब'च्या वेळी आठवा. आपल्याकडची गावांची, माणसांची, पदार्थांची नावं त्यात शोधत बसू नका. 'उसळ', 'आमटी', 'इचलकरंजी' यांसाठी देवनागरी रकानाच बरा.

विकिपीडियाच्या मजकुरात कुठल्या शब्दाआधी 'ए' आला आणि कुठल्या आधी 'ॲन', हे मोजून बनवलेली साधनंही आहेत. त्यांचा गुण हा की नवे संक्षेप त्यांना बऱ्याचदा ठाऊक असतात. भाषा-मॉडेललाही विचारता येईल. उत्तर सहसा बरोबर येतं, पण एका अक्षरासाठी दर वेळी नेटवर जाणं मला पटत नाही. विचारायचंच असेल तर नवा शब्द आला की एकदा विचारा, उत्तर तक्त्यात साठवा.

परवाने आणि तुमचे हक्क

'इन्फ्लेक्ट' एमआयटी परवान्याखाली मिळते. ती विकाऊ सॉफ्टवेअरमध्ये वापरण्याचा आणि बदलण्याचा हक्क तुम्हाला आहे. अट इतकीच की मूळ कॉपीराइटची सूचना आणि परवान्याचा मजकूर सोबत ठेवायचा. ग्राहकाने 'हे फुकटातलं का वापरलं?' असं विचारलं तर तो परवाना दाखवा. इतर कुठलीही लायब्ररी घेताना परवान्याची फाइल आधी उघडून वाचा. ती फाइलच नसेल तर तो कोड घेऊ नका.

बाहेरच्या सेवेला विचारताना फक्त तो शब्द पाठवा. 'ए' की 'ॲन' ठरवायला विद्यार्थ्याचं नाव, जन्मतारीख किंवा अख्खं प्रमाणपत्र पाठवण्याचं काही कारण नाही.

छापण्यापूर्वी

निवड करणारं फंक्शन एकच ठेवा, दहा ठिकाणी अटी लिहू नका. त्यात क्रम असा ठेवा :

1. शब्दाभोवतीची अवतरणचिन्हं, कंस, रिकाम्या जागा, ठळक अक्षरांच्या खुणा आणि रुपयाचं चिन्ह बाजूला काढा. उरलं काहीच नाही, तर छपाई थांबवा. रिकाम्या रकान्यापुढे एकटा 'ए' उभा राहिलेली प्रमाणपत्रं मी पाहिली आहेत.
2. हाताने भरलेल्या अपवादांची यादी बघा. तिचं म्हणणं अंतिम.
3. आकडा किंवा रोमन इयत्ता आहे का, बघा.
4. संक्षेपांच्या यादीत आहे का, बघा.
5. उच्चाराचा रकाना भरलेला असेल तर त्याचं पहिलं अक्षर घ्या.
6. नसेल तर उच्चारकोश किंवा लायब्ररी.
7. तिथेही नसेल तर स्पेलिंगचा जुना नियम लावा, पण तो शब्द एका फाइलमध्ये टिपून ठेवा.

प्रोग्रॅम मराठीतूनही कागद छापणार असेल तर 'ए' किंवा 'ॲन' हा तुकडा इंग्रजी साच्याच्या आतच राहू द्या. तो वेगळा काढून दोन्ही भाषांना सारखा जोडलात तर मराठी वाक्यात विनाकारण 'एक' घुसतो : 'हे एक अभियंता आहेत'.

चाचणीसाठी ही यादी घ्या : अवर, युनिट, अनइन्व्हायटेड, वन-वे, ऑनरस, हनीमून, एक्स-रे, झेरॉक्स, यिअर, ॲडव्होकेट (दोन्ही प्रकारे टाइप केलेला), एनओसी, म्हाडा, कॅपिटलमधला मॅनेजर, ११०, ११,००,०००, १८५७, रोमन बारावी. 'एक्स-रे' आणि 'झेरॉक्स' दोन्ही इंग्रजीत एक्सने सुरू होतात. पहिल्याला 'ॲन', दुसऱ्याला 'ए' आलं, तर कोडचा पाया ठीक आहे.

कागद तयार करणाऱ्या कारकुनाला छपाईपूर्वी तो शब्द हाताने बदलता येईल, असं एक बटणही ठेवा. त्याने बदल केला की तो आपोआप क्रमांक दोनच्या यादीत जाऊ द्या. महिन्यातून एकदा ती यादी आणि सातव्या पायरीची फाइल उघडून बघा. माझ्या प्रोग्रॅममध्ये त्या फाइलचं नाव अजून 'लाल पेन' आहे.